काढलेली ओळ

पिरनवाडी, बेळगाव
रविवार, ८ जून २०२५

चि. सन्मती,

तू चौथीत होतास तेव्हा एकदा म्हणाला होतास, “आक्का, तू सांगितलीस की कळतंय बघ. पुस्तकात वाचलं की न्हाय कळत.” पुस्तक कन्नड होतं. आप्पांनी मला मराठी शाळेत घातलं आणि तुला कन्नड शाळेत, कारण मुलाला नोकरी लागायला हवी होती. तुझ्या पुस्तकातलं गणित मला वाचता यायचं नाही. तू एकेक ओळ वाचून अर्थ सांगायचास, मी “मग पुढं काय?” विचारायची, आणि असं विचारता विचारता तुझं तुलाच सुटायचं. मी काही शिकवलेलं नव्हतं. पण ते वाक्य मी तीस वर्षं जपलं. पाणीपाळीच्या प्रोग्रामची मार्गदर्शिका लिहायला तू मला सांगितलंस, तेव्हा त्याच वाक्याच्या जोरावर मी हो म्हटलं.

कागदावर लिहिते आहे, कारण दुसरी वाट तू ठेवलेली नाहीस. फोन वाजून वाजून थांबतो. प्रोग्रामच्या पानावर सूचना लिहायला जागा होती, ती तू बंद केलीस. आता ते पानच उघडत नाही. पत्ता सौम्याकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. बायकोने नणंदेला पत्ता द्यायचा नाही तर कुणाला द्यायचा.

काम असं आहे. परवा चिकोडीच्या पलीकडच्या एका गावातून प्रियदर्शनी नावाच्या मुलीचा फोन आला. तिथल्या पाणी संस्थेची लिखापढी ती बघते. कुणीतरी पेनड्राइव्हवरून तुझा प्रोग्राम त्यांच्याकडे आणला आहे, आणि सोबत माझी मार्गदर्शिका, छापलेली. “मॅडम, वर तुमचं नाव हाय म्हणून फोन केला. जरा पहिल्यापासनं सांगा की.” मग सांगितलं. नदीवर मोटार एक आणि शेतकरी एकशे चाळीस. कुणाच्या रानाला पाणी कुठल्या वारी, किती वाजता, हे पूर्वी वहीत असायचं. आता फोनवर भरायचं. ठरल्या वेळेला मोटार आपली आपण सुरू होते, आपली आपण थांबते, आणि ज्याची पाळी त्याला निरोप जातो. माझ्या भावाने हे आमच्या गावासाठी, बोरगावसाठी केलं आणि मग सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. कुणीही घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, सुधारावं.

“मोकळं हाय म्हणताय, मग ते पान उघडत का न्हाय?” तिने विचारलं.

काहीतरी दुरुस्ती चालू असेल, असं मी म्हटलं.

सन्मती, मार्गदर्शिकेत एक ओळ राहून गेली आहे. रात्री बारानंतर यंत्र कुठला वार धरतं, त्याबद्दलची. मोटार सांभाळणाऱ्या नागोजीअण्णांच्या अपघातानंतर ती घालायलाच हवी होती, पण तोवर तू सगळं बंद केलं होतंस. मला पान उघडून दे. तेवढी ओळ घालते, मग हवं तर पुन्हा बंद कर. प्रियदर्शनीला मी ती फोनवर सांगितली, तिने पेनने लिहून घेतली. पण असे पेनड्राइव्ह किती गावांत फिरत असतील.

नागोजीअण्णांचा हात आता बरा आहे म्हणतात. मी अजून त्यांच्याकडे गेलेली नाही.

गेल्या वर्षीच्या मार्चपासून तू बोरगावला आलेला नाहीस. आई घरातल्या तुझ्या खोलीला कडी घालते आणि शनिवारी काढून झाडून घेते.

तुझी,
आक्का


पिरनवाडी
रविवार, २९ जून २०२५

चि. सन्मती,

सौम्याचा निरोप आला. “पत्र पोचलं. फाडलं न्हाय.” एवढंच. मला तेवढं पुरलं.

शाळा सुरू झाल्या. या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. मुलांना सूचना लिहायला शिकवायचा धडा होता, ‘चहा कसा करावा’. एकानं लिहिलं, ‘आधी आईला उठवावे.’ मी हसले आणि मग मला मालुबाई आठवल्या, म्हणून आज हे पत्र लिहायला घेतलं.

तुझा नियम मी अजून पाळते. पहिल्यांदा वापरणाऱ्याच्या मागं बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, तोंड मिटायचं. त्याचं बोट जिथं थांबेल तिथं आपली ओळ कमी पडली असं समजायचं. हे तू मला सांगितलंस तेव्हा मला वाटलं, वीस वर्षं मास्तरकी करून मला हे कळलं नव्हतं. मी नेहमी मुलाच्या हातातून पेन्सिल काढून घेत आले.

बोरगावात जैन बस्तीच्या, देवळाच्या हॉलमधला तो रविवारचा वर्ग. बाया फोन घेऊन शिकायला यायच्या. मालुबाई सगळ्यांत पुढं, चष्म्याला दोरा बांधलेला. चौथी शिकलेल्या, साठी ओलांडलेल्या, दोन एकर ऊस एकट्या सांभाळणाऱ्या. मी मार्गदर्शिकेचा पहिला खर्डा त्यांच्या हातात दिला आणि मागं जाऊन बसले.

“नाव घाल म्हनतंय. कुनाचं घालू? उतारा अजून मालकाच्या नावावर हाय.”

“मी बोलायचं नाही ठरलंय, मालुबाई.”

“बोलू नगंस. मान तरी हलीव. मालकाचं?”

मी मान हलवली नाही.

“मग माझंच घालतो. मेलेला मानूस पानी पाजाय येतोय व्हय?”

बाया हसल्या. मी वहीत लिहिलं, ‘जो शेतावर प्रत्यक्ष येणार त्याचे नाव.’

दुसऱ्या पानावर त्यांचं बोट पुन्हा थांबलं. मी लिहिलं होतं, ‘आता फक्त हिरवे बटण दाबा.’ त्या माझ्याकडे वळल्या. “बाई, तेवढं ‘फक्त’ काढ गं. ‘फक्त’ म्हटलंस की भ्या वाटतंय. जमलं न्हाय तर मीच येडी ठरतो.” त्या संध्याकाळी मी सतरा ठिकाणचं ‘फक्त’ काढलं. ‘सोपे’ आणि ‘सहज’ही काढले. तुला ते फार आवडलं होतं. तू बेंगळुरूच्या तुझ्या मित्रांना कळवलंस, आमच्या आक्काने शिकवलं म्हणून. शिकवलं मालुबाईंनी.

आणि तिसऱ्या पानावर तो प्रश्न आला. त्या म्हणाल्या, “माझी पाळी ह्या म्हैन्यात सोमवारी रात्री दोनला. हितं सोमवार दाबू का मंगळवार?”

“सोमवारची रात्र म्हणजे...” मी बोलून गेले, आणि माझंच बोलणं अडकलं. यंत्राच्या हिशोबी बारा वाजले की वार बदलला. सोमवारच्या रात्रीचे दोन म्हणजे त्याच्या लेखी मंगळवार.

मालुबाईंनी फोन खाली ठेवला. “सूर्य उगवल्याबिगर वार कसा बदलंल? तुझ्या यंत्राला म्हायती हाय का हे?”

बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या. त्यांच्यात कुणालाच यात विचारण्यासारखं काही वाटलं नव्हतं. उपास असू दे, बाजार असू दे, पाळी असू दे, सूर्य उगवेपर्यंत आपला आदलाच वार असतो. आईसुद्धा तसंच धरते. मीही.

मी त्यावर ओळ लिहून घेतली.

आज इथंच थांबते. वह्या तपासायच्या आहेत.

आक्का


पिरनवाडी
रविवार, २० जुलै २०२५

सन्मती,

मागच्या पत्रात मी ‘ओळ लिहून घेतली’ म्हणून थांबले. ते खरं आहे. पण त्याआधीच्या पत्रात मी ‘ओळ राहून गेली’ असं लिहिलं, ते खरं नाही. दोन्ही पत्रं शेजारी ठेवलीस तर तुला कळेलच, म्हणून आधीच सांगते. राहून गेलेली नाही. मी ती काढली.

ती ओळ अशी होती. ‘रात्री बारानंतर यंत्र पुढचा वार धरते. आपल्यासारखे सूर्य उगवेपर्यंत थांबत नाही. म्हणून सोमवारच्या रात्रीचे दोन वाजता हवे असतील तर मंगळवार निवडा.’ मला पाठ आहे. तू ती जशीच्या तशी तिसऱ्या पानावर घातलीस आणि मग सगळी मार्गदर्शिका बाहेरच्या लोकांना वाचायला मोकळी केलीस. आठ दिवसांत तुझ्या एका मित्राने खाली लिहिलं की मार्गदर्शिका छान आहे, पण हे वाराचं काढून टाकायला हरकत नाही, बारा वाजता वार बदलतो हे जगात सगळ्यांना माहीत असतं. पुढं हसरा चेहरा काढला होता.

त्यात वाईट काही नव्हतं. पण तो चेहरा मी पुन्हा पुन्हा बघितला. मला वाटलं, हे सगळे लोक आता बोरगावला हसणार. म्हणतील, कुठलं गाव आहे हे, जिथं तारीख कधी बदलते हे मोठ्या माणसांना सांगावं लागतं. मला मालुबाईंची लाज वाटली, सन्मती. आईची वाटली. माझी तर वाटलीच. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १४ जानेवारीला, मी ती ओळ काढली. कारण विचारणाऱ्या चौकटीत लिहिलं, ‘पान एका कागदावर बसावे म्हणून.’ तेही खोटं नव्हतं. ओळ गेल्यावर पान खरोखरच एका कागदावर बसलं. तू त्याची मोठी प्रत काढून नदीकाठच्या जॅकवेलवर, मोटारीच्या खोलीत भिंतीवर चिकटवलीस, नागोजीअण्णांसाठी.

पुढचं तुला माहीत आहे. तरी एकदा माझ्या हाताने लिहू दे, मी कधीच लिहिलेलं नाही.

पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीची, ग्लँडमधली दोरी झिजून पाणी गळत होतं. नागोजीअण्णांनी ठरवलं, सोमवारी रात्री दोन ते चार मोटार बंद ठेवायची आणि दोरी बदलायची. भिंतीवरचं माझं पान बघत बघत, शनिवारी, त्यांनी स्वतः फोनवर भरलं. वार सोमवार, रात्री दोन ते चार, मोटार बंद. पहिल्यांदाच कुणाला न विचारता भरलं म्हणून त्यांनी तुला फोन करून सांगितलं होतं. तू त्यांना शाबास म्हटलं होतंस.

यंत्राने मोटार बंद ठेवली ती एक रात्र आधी, गाव जिला रविवारची रात्र म्हणतं तेव्हा. ज्याची पाळी होती तो सकाळी ओरडत आला, पाणी दीड तास उशिरा आलं म्हणून. सगळे म्हणाले, लाईट गेली असेल. दुसऱ्या रात्री दोनला आधीची पाळी संपून मोटार थांबली, रोज थांबते तशी. अण्णांना वाटलं, आपण सांगितलं तसं झालं. त्यांनी हात घातला. अडीचला पुढची पाळी होती.

उजव्या हाताची तीन बोटं.

आणि २४ मार्चची सभा. संस्थेच्या शेडमध्ये पुरुष पुढं सतरंजीवर, आम्ही बाया मागं भिंतीला टेकून. कुणीतरी म्हणालं, “बेंगळूरचं घड्याळ बोरगावला कशाला पायजे हुतं?” कुणी म्हणालं, “शिकलेल्याचं खूळ, आनि बोटं नागोजीची.” तू उभा राहिलास. “चूक माझ्या प्रोग्रामची हाय. वार कसा धरायचा ते मी बघाय पायजे हुतं. दुसऱ्या कुनाची न्हाय.” तू माझ्याकडे बघितलं नाहीस. माझ्या शेजारी मालुबाई बसल्या होत्या. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. उठायला फार वेळ लागला नसता.

सभेनंतर चौथ्या दिवशी तू गेलास. घराच्या मागं तू तुझ्या कामासाठी खोली बांधायला घेतली होतीस, तिच्या भिंती छातीइतक्या आल्या होत्या. तशाच आहेत.

इतके महिने मी स्वतःला सांगत आले की तुला माहीत नाही. तुझ्या त्या प्रोग्रामच्या पानावर कुणी कुठली ओळ कधी घातली, कुणी काढली, सगळं नावानिशी आणि तारखेनिशी राहतं, हे तूच मला शिकवलेलं. तरी मी म्हणत राहिले, एवढ्या गडबडीत तो कशाला मागचं बघेल.

तू बघितलंस का रे?

आक्का


पिरनवाडी
रविवार, १० ऑगस्ट २०२५

सन्मती,

काल राखी होती. मी पाठवली नाही. पाठवायला हात धजला नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बोरगावला गेले आणि आधी नागोजीअण्णांकडे. घरापुढं ते म्हशीला वैरण टाकत होते, डाव्या हाताने. उजवा हात शर्टाच्या खिशात ठेवतात आता, कुणी बघू नये म्हणून नाही, सवय झाली म्हणून, असं त्यांची बायको जयाबाई म्हणाली. मला बघून तिने चहा टाकला. मी पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. ओळ, हसरा चेहरा, संक्रांत, सगळं. सांगताना मला वाटत होतं, आता हे रागावतील, हाकलून देतील, आणि मला मोकळं वाटेल.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग वैरणीची पेंढी खाली ठेवली.

“भावाला वाचवाया आलीस व्हय?”

“नाही अण्णा. खरंच मी...”

“आक्का, तू बामनीन न्हाईस, जैनाची हाईस. खोटं बोलाया तुला जमत न्हाय.” असं म्हणून ते हसले. “सन्मती माझ्यासमोर उभारून म्हनला, चूक माझी. सगळ्या गावासमोर म्हनला. आता वरीस-दीड वरीस झाल्यावर तू येतीस आनि म्हनतीस, माझी. कोन ऐकंल?”

“मालुबाईंना विचारा. त्यांनीच मला वाराचं सांगितलं होतं.”

जयाबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, “मालुबाई तर म्हनती, बाईनं माझ्या डोळ्यांदेखत लिवलं. बाईची काय चूक न्हाय.”

म्हणजे माझा एकच साक्षीदार आहे, आणि तो माझ्या बाजूने बोलतो.

“मी बी मेन स्विच पाडला न्हाय,” अण्णा म्हणाले. “तीस वर्सं मोटार सांबाळली. हात घालायच्या आदी मेन पाडायचा, हे मला कागदानं सांगाय पायजे हुतं का? म्हनलं, यंत्र हाय, बंद म्हटलंय तर बंदच. ते जाऊ दे. मला एक सांग. त्यो येत का न्हाय? माझी बोटं काय त्यानं कापली न्हाईत. पर त्यो गेला तो गेलाच. मानसं म्हनत्यात, तोंड दावाय लाज वाटती त्याला. त्या खोलीच्या भिंतीवर आता कुनाची बी शेरडं चढत्यात.”

मी म्हटलं, मी सभेत सांगीन. सप्टेंबरात वार्षिक सभा आहे.

“सांग,” ते म्हणाले. “समदी म्हनतील, भैनीची माया.”

चहा घेतला आणि उठले. बाहेर पडताना जयाबाईने हातात शेवग्याच्या शेंगा दिल्या, आईसाठी.

आज बोरगावचा वर्ग आटोपून घरी आले आणि विचार करते आहे. चिकोडीकडच्या कामाचं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं, ते निमित्त होतं हे आता मलाच कळतंय. ते काम मी हाताने करू शकते आणि केलंही. प्रियदर्शनीच्या गावाला जाऊन भिंतीवरच्या पानावर जाड पेनने ओळ लिहून आले. आणखी दोन गावांचा पत्ता तिने दिला, तिथेही गेले. सौम्याने फोनवर सुचवलं की आक्का, नव्या जागी नवीन मार्गदर्शिका टाका, कन्नड मी करून देते, सन्मतीची परवानगी लागत नाही, त्यानेच सगळं मोकळं ठेवलंय. तेही करता येईल. करीनच. पण त्या नव्या जागी ओळ पहिल्या दिवसापासून असेल. तिथं मी ती कधीच काढलेली नसेन.

आक्का


बोरगाव
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

सन्मती,

दशलक्षण पर्व शनिवारी संपलं. आईने या वयात पाच उपास केले. काल बस्तीत क्षमावाणी झाली. सगळे एकमेकांपुढं हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणत होते, मीही म्हटलं, पन्नास-साठ जणांना. कशाची क्षमा ते कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. किती वर्षं मी हे करत आले. काल पहिल्यांदाच वाटलं, नाव न घेता मागितलेली क्षमा फार स्वस्तात पडते.

दुपारी आई अंगणात ऊन-सावलीला बसून मूग निवडत होती. मी जवळ जाऊन बसले. शाळेची दोन दिवस रजा घेतली होती, ती तिला आवडली नव्हती.

“आई, मी सभेत सांगणार आहे. ती ओळ मी काढली होती.”

तिने ताटातला खडा उचलून बाजूला टाकला. कुठली ओळ, असं तिने विचारलं नाही. तेव्हा मला कळलं.

“तुला माहीत होतं?”

“अपघाताच्या तिसऱ्याच दिशी. ह्या कट्ट्यावर बसलाता, मांडीवर लॅपटॉप घिऊन. म्हनला, आई, आक्कानं ओळ काढली हुती गं. तोंड पांढरं फटक पडलं हुतं त्याचं.”

“मग?”

“मग काय. मीच म्हनलं त्याला. आक्काचं नाव यायचं न्हाय. एकाचं जायाचंच असंल तर तुझं जाऊ दे. तू बापई मानूस हाईस, तुला बेंगळूर हाय, चार दिवसांनी मानसं इसरतील. तिला हितं बायकांत बसायचं हाय. त्या शिकाय यायच्या बंद झाल्या तर ती काय करंल? माझ्या पायाला हात लावून बोल म्हनलं. बोलला.”

“आणि ते पान त्याने म्हणून बंद केलं?”

“त्यात तुझं नाव दिसतंय म्हनला. कुनी बी बघंल म्हनला. बंद कर म्हनलं मी.”

“मला का नाही विचारलंस, आई?”

“इचारलं असतं तर न्हाय म्हनली असतीस. म्हनून न्हाय इचारलं.” मूठभर मूग पुढं ओढत ती म्हणाली, “मला वाटलं, दिवाळीपातूर यील परत. दोघंबी राहतील मला. गनित चुकलं.”

ती रडली नाही. मूग निवडून झाले, तिने सूर्याकडे बघितलं आणि स्वयंपाकाला उठली, दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं म्हणून.

मी घरामागच्या तुझ्या खोलीच्या त्या अर्ध्या भिंतींपाशी जाऊन उभी राहिले. इतके महिने मी म्हणत होते की तू माझ्यावर रागावला आहेस, आणि तो राग मी मनातल्या मनात सोसत होते. सोसताना मला बरंही वाटत होतं, काहीतरी फेडते आहे म्हणून. तू फोन उचलत नव्हतास, कारण उचललास तर मी विचारेन आणि तुला खोटं बोलावं लागेल. तुला माझ्याशी खोटं बोलायला कधीच जमलं नाही. एवढं साधं मला कळलं नाही, आणि मी लोकांना समजेल असं लिहिणारी.

रविवारचा वर्ग अजून भरतो. बावीस बाया येतात. मागच्या महिन्यात एकीने मला साडी दिली, तिला फोनवर औषधाच्या गोळीचं नाव वाचता आलं म्हणून. ते सगळं तुझ्या जिवावर चाललं आहे. मला ते घालवायचं नाही, भीतीही वाटते. काही बाया यायच्या थांबतील. मालुबाई थांबणार नाहीत, पण त्या माझ्याकडे कशा बघतील, ते मला ठाऊक नाही. ‘लाज वाटली’ हे मला त्यांना सांगावं लागेल. बोटांचं सांगण्यापेक्षा ते सांगणं जड आहे.

अठ्ठावीस तारखेला, रविवारी, सकाळी अकराला सभा आहे. चेअरमननी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यांना वाटतं, मी वर्गाबद्दल बोलणार आहे. मी नुसती उभी राहून बोलले तर नागोजीअण्णा म्हणाले तेच होईल. बहीण भावासाठी खोटं बोलली म्हणतील, माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलतील आणि तुझ्यावरचा बोल तसाच राहील. मला तोंडी काही सिद्ध करता येत नाही. ते एकाच जागी लिहिलेलं आहे, १४ जानेवारी २०२४, माझं नाव, आणि खाली मी दिलेलं कारण. त्या जागेची किल्ली तुझ्याकडे आहे.

आईशी मी बोलले. तुला घातलेल्या शपथेतून सोड म्हटलं. ती म्हणाली, “मी सोडणार न्हाय. तू म्हातारी हुशील तवा तुला कोन बघंल, ते मी बघाय नको?” तेव्हा तिच्याकडून तुला मोकळीक मिळणार नाही. मी खूप वेळ प्रयत्न केला.

म्हणून तुझ्याकडे मागते. ओळ गुपचूप परत घालून मला कळवू नकोस, तसं नको. सगळं पान उघड, जुन्या नोंदींसकट, एकही न पुसता, म्हणजे मी ते शेडमधल्या भिंतीवर मोठं करून दाखवीन आणि तिथं लिहिलेलं माझं नाव वाचेन. आईच्या पायाला हात लावून तू जे बोललास ते मोड. तू मोडणार नाहीस. लहानपणापासून तुला ओळखते, एकदा बोललास की बोललास. तरी मागते आहे, सन्मती. माझ्यासाठी आईला दिलेला शब्द मोड.

आक्का